फळ न धरणारं कोकम: एका फुलाच्या रचनेवरून

परिस्थिती साधी आहे आणि कोकणात घरोघरी घडलेली आहे. घरच्या जुन्या कोकमाखाली पावसात उगवलेली रोपं कुणीतरी उपटून बांधाच्या कडेनं लावतं. नाहीतर चांगल्या मोठ्या फळाचं बी पिशवीत रुजवून दहा-पंधरा रोपं करतं. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालायचं, गुरांपासून राखायचं, रान काढायचं. सहाव्या-सातव्या, कधी आठव्या वर्षी झाडं फुलायला लागतात. सगळीच फुलतात. मे महिन्यात मात्र निम्म्याच झाडांखाली रातांब्यांचा सडा असतो, बाकीची नुसतीच हिरवीगार.

गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी, की जी झाडं फळत नाहीत तीच डिसेंबर-जानेवारीत जास्त भरून फुललेली असतात. मग घरात तर्क सुरू होतात. खत कमी पडलं, थंडीनं फूल गळलं, जागा मानवली नाही. त्यापायी आणखी काही वर्षं शेणखत जातं, आळी केली जातात, आणि शेवटी कंटाळून कुऱ्हाड.

जाणत्या माणसाला उत्तर ठाऊक असतं: ती नर कोकमं आहेत. बियांपासून लागवड केली की निम्मी, कधी निम्म्याहून जास्त झाडं नर निघतात, आणि फुलं येईपर्यंत ते कळत नाही. पानांच्या आकारावरून नाहीतर फांद्यांच्या ठेवणीवरून नर-मादी ओळखतो, असं सांगणारे प्रत्येक गावात भेटतात. त्यांच्या भरवशावर रोपं निवडू नयेत.

पण ‘नर आहे’ एवढ्यावर विषय संपत नाही. आंब्याचं प्रत्येक झाड आंबा देतं, काजूचं प्रत्येक झाड बी देतं. मग कोकमाला अर्धी झाडं बिनफळाची ठेवणं कसं परवडलं? हे प्रकरण मी त्या अंगानं मांडतो आहे. सुरुवात फुलापासून.

दोन फुलं, एक ब्लेड, एक भिंग

कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका, क्लुसिएसी कुळातलं, पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याचं आपलं स्वतःचं झाड. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा फुलोरा. फूल लहान असतं. लांबून दिसतही नाही, त्यामुळे बागायतदारही ते क्वचितच हातात घेऊन बघतो. बघायचं असेल तर दाढीचं ब्लेड आणि दहापट दाखवणारं भिंग पुरे.

आधी नर झाडाची डहाळी घ्या. पानांच्या बेचक्यात आणि डहाळीच्या टोकाला कळ्यांचे झुबके दिसतील, एका झुबक्यात चार ते आठ कळ्या. कळी जेमतेम मिरीच्या दाण्याएवढी. उमललेल्या फुलात चार संदलं, म्हणजे पाकळ्यांबाहेरची दलं, असतात, समोरासमोरच्या दोन जोड्यांमध्ये, बाहेरची जोडी थोडी लहान. त्यांच्या आत चार जाडसर पाकळ्या, पिवळट, किंचित गुलाबी झाक असलेल्या. पाकळ्या बाजूला केल्या की मध्ये पुंकेसरांचा एक बुटका घुमट दिसतो. बारा ते वीस पुंकेसर, तंतू अगदी आखूड, परागकोश एकमेकांना खेटून बसलेले. ब्लेडनं घुमट उभा चिरला तर आत अंडाशय नाही. काही झाडांच्या फुलांत मधोमध एक निकामी खुंट सापडतो, काहींत तोही नसतो.

आता मादी. फूल एकटं, डहाळीच्या टोकाला, देठ अगदी तोकडा. संदलं चार, पाकळ्या चार, मांडणी तीच. पण मध्ये गोल गरगरीत अंडाशय आहे आणि त्यानं जवळजवळ सगळी जागा व्यापली आहे. अंडाशयाच्या वर कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग, थेट बसलेली. मधला दांडा, म्हणजे कुक्षिवृंत, नाहीच. कुक्षीला चार ते आठ पाळ्या, वरचा पृष्ठभाग बारीक पुटकुळ्यांचा. फळ पिकल्यावरही देठाशी संदलं आणि टोकाला कुक्षीचा उरलेला शिक्का राहतो. हे गार्सिनियाचं लक्षण आहे. बाजारातल्या मँगोस्टीनच्या बुडाला जे फुलासारखं नक्षीकाम दिसतं ते त्याची वाळलेली कुक्षी. तिच्या पाळ्या मोजल्या की आत किती फोडी निघणार ते फळ न फोडताच सांगता येतं.

आता भिंग अंडाशयाच्या तळाशी न्या. इथे, पाकळ्या आणि अंडाशय यांच्या सांदीत, काही किडमिडे दांडे उभे दिसतील. त्यांच्या टोकाला परागकोशासारखा आकार आहे, पण आत पराग नाहीत. हे वंध्य पुंकेसर. मादी फुलानं पुंकेसर टाकून दिलेले नाहीत, नुसते निकामी करून ठेवले आहेत.

त्यांची मांडणी नीट पाहा. ते विखुरलेले नाहीत; चार छोट्या गटांत आहेत, एकेका गटात दोन-चार. नर फुलात मात्र पुंकेसर मिळून एकच घुमट झाला आहे. क्लुसिएसी कुळात पुंकेसर जुडग्यांत असणं ही जुनी ठेवण आहे, आणि चार पाकळ्यांच्या फुलात चार जुडगे ही गार्सिनिया प्रजातीत पुन्हापुन्हा दिसणारी मांडणी. कोकमाच्या नर फुलात, जिथे पुंकेसरांना रोजचं काम आहे, तिथे ही मांडणी एकत्र होऊन पुसली गेली. मादी फुलात पुंकेसरांना कामच उरलं नाही, तिथे ती तशीच राहिली. माझं वाचन असं, की कोकमाच्या पूर्वजाच्या पुंकेसरांची रचना बघायची असेल तर ती नराच्या नव्हे, मादीच्या फुलात बघावी.

शेजारच्या सुपारीच्या बागेत जायफळ असेल तर त्याचंही फूल चिरून पाहा. जायफळही नर-मादी वेगळं असलेलं झाड. त्याच्या फुलाला पाकळ्या-संदलं असा भेद नाही. एकच मेणचट, पिवळट, तीन दातांचा घट. नर फुलात त्या घटाच्या मध्ये एक खांब, आणि त्याला सगळे परागकोश चिकटलेले. मादी फुलात एकच अंडाशय, त्यात एकच बीजांड. पण मादीत पुंकेसरांचा मागमूस नाही आणि नरात अंडाशयाचा खुंट नाही. जायफळाचं फूल पहिल्यापासूनच एका लिंगाचं म्हणून घडतं. कोकमाचं फूल दोन्ही अवयवांची तयारी सुरू करतं आणि मध्येच एकाचं काम थांबवतं. एकलिंगी फुलं घडण्याच्या या दोन वेगळ्या रीती आहेत, आणि पुढचा बराच युक्तिवाद या फरकावर उभा आहे.

वाडीतली बाकीची झाडं

कोकणातल्या मिश्र वाडीइतका या विषयाचा चांगला नमुनासंच क्वचित मिळतो. आंब्याच्या एकाच मोहोरात नर फुलं आणि द्विलिंगी फुलं मिसळलेली असतात. हापूसमध्ये द्विलिंगी फारच कमी, आणि फळ धरतं ते त्यांनाच. काजूचंही तसंच. माडाच्या पोयीत दोन प्रकारची फुलं असतात: लोंब्यांच्या तळाशी मादी, ज्यांना बागायतदार बटणं म्हणतात, आणि वर टोकापर्यंत बारीक नर फुलं. सुपारीची मांडणी बरीचशी तशीच. फणसात नर फुलांचे आणि मादी फुलांचे गड्डे वेगळे, पण झाड एकच. नराचे गड्डे काळे पडून गळतात, मादीचा फणस होतो. मग कोकम आणि जायफळ, जिथे झाडंच वेगळी.

हे वाचून अशी एक शिडी मनात उभी राहते: द्विलिंगी फूल, मग एकाच झाडावर वेगळी फुलं, मग वेगळी झाडं. ही शिडी खरी मानू नये. माडाचं कोकम होणार नाही आणि फणस काही जायफळाच्या वाटेवर नाही. एकेका कुळानं आपापला मार्ग धरला आहे, आणि काहींनी उलटाही. काळी मिरी घ्या. रानातली मिरी बहुतेक नर-मादी वेगळ्या वेलींची, आणि लागवडीतल्या मिरीच्या घोसात बहुतांशी द्विलिंगी फुलं. प्रत्येक वेल फळणारी हवी म्हणून माणसानं पिढ्यान्पिढ्या त्याच वेली उचलल्या.

जगातल्या सपुष्प वनस्पतींत नर-मादी वेगळ्या असलेल्या जाती साधारण ६ टक्के. झाडांकडे, त्यातही उष्ण प्रदेशातल्या झाडांकडे वळलं की हे प्रमाण एकदम चढतं. कमलजित बावा आणि पॉल ऑपलर यांनी १९७५ साली कोस्टा रिकातल्या कोरड्या जंगलातल्या झाडांचा हिशेब मांडला तेव्हा सुमारे २२ टक्के जाती विभक्तलिंगी, म्हणजे नर-मादी झाडं वेगळी असलेल्या, निघाल्या. हेच बावा पुढे बंगळुरूच्या ‘अत्री’ या पर्यावरण-संशोधन संस्थेचे संस्थापक झाले. पश्चिम घाटावर काम करणाऱ्यांना ते नाव परकं नाही. त्यांच्या लक्षात आलेला दुसरा मुद्दा कोकमाला चपखल लागू पडतो: अशा झाडांची फुलं बहुधा लहान, फिकी, सामान्य बारीक कीटकांवर भागवणारी असतात, आणि फळं गरदार, प्राणी-पक्ष्यांनी खाऊन बी पसरवावं अशी.

दुप्पट बियांचं गणित

डार्विननं १८७७ साली फुलांच्या वेगवेगळ्या रूपांवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हा प्रश्न आहे. पण त्याचं नीट गणित ब्रायन आणि डेबोरा चार्ल्सवर्थ यांनी १९७८ साली मांडलं. ते समजून घ्यायला सोपं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

सगळी झाडं द्विलिंगी आहेत असं धरा. प्रत्येक झाड आपली गुणसूत्रं दोन वाटांनी पुढच्या पिढीत पाठवतं: स्वतःच्या बियांतून आणि दुसऱ्या झाडांवर पोचलेल्या परागांतून. आता एका झाडात असा बदल झाला की पराग बनणंच थांबलं. हे झाड मादी झालं. त्याची एक वाट बंद. तेव्हा टिकून राहायचं तर त्याच्या बिया इतरांच्या दुप्पट हव्यात, किंवा तितक्याच बिया पण दुपटीनं कसदार हव्यात. नुसते पराग वाचवून बिया दुप्पट करणं कठीण. पण द्विलिंगी झाडं स्वतःच्याच परागांनी फळत असतील आणि त्या स्वपरागित बियांची रोपं मरतुकडी निघत असतील, तर मादीचं पारडं जड होतं. तिला स्वतःचे पराग नाहीतच, तेव्हा तिची प्रत्येक बी परक्या परागाची आणि म्हणून जोमदार.

मादी झाडं एकदा वाढली की उरलेल्या द्विलिंगी झाडांची परिस्थिती पालटते. आजूबाजूला पराग मागणाऱ्या माद्या पुष्कळ, तेव्हा फळावर शक्ती घालवण्यापेक्षा पराग जास्त करण्यात फायदा. मग दुसरा बदल टिकतो, अंडाशय मारणारा, आणि नर तयार होतो. मात्र पराग मारणारा बदल आणि अंडाशय मारणारा बदल एकाच झाडात एकत्र आले तर ते झाड पूर्ण वांझ. म्हणून हे दोन बदल गुणसूत्रावर शेजारी-शेजारी, एकमेकांपासून न फुटणारे असावे लागतात. लिंग ठरवणारी गुणसूत्रं इथून सुरू होतात. पपईत हे चांगलं तपासलं गेलं आहे: नर पपईच्या वाय गुणसूत्राचा डीएनएच्या सुमारे ८० लाख अक्षरांचा पट्टा मादीच्या जोडीदाराशी अदलाबदल करत नाही. द्विलिंगी पपईचा वाय नराच्या वायपासून साधारण ४,००० वर्षांपूर्वी वेगळा झाला, आणि त्याचं श्रेय मध्य अमेरिकेतल्या जुन्या शेतकऱ्यांना दिलं जातं. मिरीसारखीच ही गोष्ट.

पहिली पायरी काल्पनिक वाटत असेल तर कांदा आठवा. १९२५ साली कॅलिफोर्नियात पराग न करणारं एक कांद्याचं झाड सापडलं, आणि पुढे संकरित कांद्याचं बियाणं त्या पुंवंध्य वाणावर उभं राहिलं. पराग बंद पडणं हा अपघात वनस्पतींत सतत होत असतो. बहुतेक वेळा तो पुसला जातो. कोकमाच्या पूर्वजांत तो टिकला, एवढंच.

अर्धवट विभाजन, की जुन्या विभाजनाला गेलेली चीर?

कोकणात सगळी कोकमं नर किंवा मादी अशी स्वच्छ विभागलेली नाहीत. काही झाडांवर द्विलिंगी फुलंही येतात: चांगला अंडाशय आणि त्याच्याभोवती पराग असलेले पुंकेसर. कोकमाची पाहणी करणाऱ्यांनी हे वारंवार नोंदवलं आहे. नर म्हणून ओळखलेल्या झाडावर चार-दोन रातांबे धरल्याचंही बागायतदार सांगतात.

यावरून पटकन निघणारा निष्कर्ष असा, की कोकमाचं नर-मादी होणं अजून चालू आहे आणि द्विलिंगी झाडं ही जुन्या पूर्वजाची उरलेली खूण. हे ऐकायला छान वाटतं. मला ते पटत नाही. गार्सिनिया ही काही शे जातींची मोठी प्रजाती, आफ्रिकेपासून पॅसिफिकपर्यंत पसरलेली, आणि तिच्यातल्या बहुसंख्य जाती विभक्तलिंगी आहेत. मादी फुलातले वंध्य पुंकेसर त्यांपैकी कितीतरी जातींत आहेत. म्हणजे लिंगं वेगळी होण्याची घटना कोकमाच्या जन्माआधीची, प्रजातीच्या मुळाशी जवळची असणार. मग आज दिसणारं द्विलिंगी कोकम हे मागे राहिलेलं झाड नसून परत फिरलेलं झाड असण्याची शक्यता जास्त.

परत फिरणं कोकमाला सोपं का, ते फुलाच्या रचनेत दिसतं. मादी फुलात पुंकेसर आहेतच, फक्त शेवटचं काम अडवलेलं. अडवणारी कडी थोडी सैल झाली की ते पुन्हा पराग करू शकतात. जायफळात असा सांगाडाच शिल्लक नाही. तरीही नर जायफळाला उतारवयात थोडी फळं धरल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा सांगाडा नसला की वाट कायमची बंद होते असं म्हणता येणार नाही. हा मुद्दा माझ्या युक्तिवादाला थोडा गैरसोयीचा आहे आणि तो तसाच ठेवतो.

परत फिरण्याचा वेग किती असू शकतो हे मर्क्युरिआलिस ॲन्युआ या युरोपातल्या एका वर्षायू रोपट्यात दिसलं. तेही नर-मादी वेगळं, पण माद्यांवर अधूनमधून एखादं नर फूल येणारं. प्रयोगात सगळे नर काढून टाकले आणि माद्यांना आपापसात फळू दिलं. चार पिढ्यांत माद्यांवरच्या नर फुलांची संख्या सुमारे २३ पट झाली. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. ज्या मादीला थोडे पराग करता येत होते, तिलाच नर नसलेल्या शेतात बाप होण्याची संधी होती, आणि तिच्या मुलींत तो गुण वाढत गेला.

परत फिरण्याची आणखी एक तऱ्हा गार्सिनियात आहे, आणि ती कोकमाच्या चुलत घरातली. मँगोस्टीनची लागवडीतली झाडं मादीच असतात. तरी फळं येतात, कारण बी परागाशिवाय, आईच्याच पेशींतून तयार होतं. प्रत्येक रोप म्हणजे आईची नक्कल. ए. जे. रिचर्ड्स यांनी १९९० साली गार्सिनियावर सलग निबंध लिहिले, त्यात गार्सिनिया होम्ब्रोनियाना या मलायी जातीत मादी झाड परागानंही फळतं आणि परागाशिवायही, असं दाखवलं. तेव्हा या प्रजातीत नर कमी पडले तर दोन पळवाटा आहेत: मादीनं थोडे पराग करणं, किंवा परागाचीच गरज संपवणं.

नर कापल्यावर

आता पुन्हा वाडीत येऊ. रानात नर-मादी जवळपास निम्मे-निम्मे का राहतात याचं कारण रोनाल्ड फिशरनं १९३० साली सांगितलं. प्रत्येक बीला एकच आई आणि एकच बाप. नर कमी झाले तर उरलेल्या एकेका नराच्या वाट्याला जास्त बिया, म्हणून नर होणं फायद्याचं; जास्त झाले तर उलट. तोल मध्ये येऊन थांबतो. या तोलाला आमसुलाच्या भावाशी देणंघेणं नाही. निम्मी झाडं बिनफळाची असणं हा बागायतदाराचा तोटा आहे, कोकमाचा नाही.

बागायतदारानं काढलेला मार्ग कलमाचा. फळणाऱ्या झाडाची काडी घेऊन मृदुकाष्ठ कलम बांधलं की लिंगाचा प्रश्न मिटतो, आणि फळही लवकर, चौथ्या-पाचव्या वर्षापासून. काडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची घ्यावी लागते. आडव्या फांदीची घेतली तर कलम आडवंच पसरत राहतं, उंच बांध्याचं झाड होत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ ही जात दिली, पुढे ‘कोकण हातीस’ आली. लागवडीची शिफारस अशी, की बागेत दहा टक्के नर झाडं ठेवावीत.

या दहा टक्क्यांची आबाळ होते. फळाची कलमं घ्यायला माणूस रोपवाटिकेत पैसे मोजतो. नर कलम मागितलं तर रोपवाटिकावालाच आश्चर्यानं बघतो. बहुतेकांचा भरवसा आसपासच्या रानातल्या, शेजाऱ्याच्या कुंपणातल्या नरांवर असतो. जोवर शेजारी आपलं नर झाड जळणासाठी तोडत नाही तोवर हे चालतं. विद्यापीठात निवड होते ती फळाच्या आकारावरून, सालीच्या जाडीवरून, पावसाआधी फळ तयार होण्यावरून. हे सगळे मादीचे हिशेब. नराची निवड कशावर करायची? माझ्या मते फुलोऱ्याच्या काळावर. मादीची फुलं ज्या आठवड्यांत उमलतात त्याच आठवड्यांत भरपूर पराग देणारा नर हवा. दोन-तीन वेगवेगळ्या मूळ झाडांचे नर ठेवले तर एकाचा फुलोरा चुकला तरी दुसरा हाताशी राहतो, आणि त्या बागेतल्या बियांचा बाप एकच होत नाही.

बियांच्या बापाची काळजी आमसूल विकणाऱ्याला का असावी? फळाची साल आईची असते. ती वाळवून, पुन्हापुन्हा रसाचे पुट देऊन आमसूल होतं, आणि त्यात बापाचा वाटा दिसत नाही. पण पुढची नवी जात येणार ती बियांतूनच. वाडीवाडीत एकाच जातीची कलमं आणि मोजके नर असतील, तर पुढच्या निवडीसाठी हाताशी येणारी रोपं सगळी जवळच्या नात्यातली असतील. मर्क्युरिआलिसच्या रोपट्यासारखी कोकमाची मादी नर फुलं वाढवून तोड काढेल अशी आशाही नको. ते पिढ्यांचं काम आहे, आणि कलम पिढी बदलतच नाही. १९९७ची मादी आणि आज बांधलेल्या कलमाची मादी एकच.

नर झाड तोडायचंच असेल तर त्याआधी एक विचार करावा. नर जायफळाचं खोड कापून, फुटव्यांवर मादीच्या काड्या बांधून झाड फळतं करणं ही रुळलेली पद्धत आहे. एखादी फांदी नराची ठेवली की परागांचीही सोय होते. तयार मुळांचं झाड वाया जात नाही. कोकमातही हे करून बघण्यासारखं आहे.

द्विलिंगी कोकम ज्यांच्या वाडीत असेल त्यांनी मात्र त्याला हात लावण्याआधी एक हंगाम द्यावा. कळ्या उमलण्याआधी काही डहाळ्यांना मलमलीच्या पिशव्या बांधायच्या. काही फुलांचे पुंकेसर कळीतच चिमट्यानं काढून मग पिशवी बांधायची. काही फुलं तशीच उघडी ठेवायची. पुंकेसर असलेल्या पिशवीत फळ धरलं आणि पुंकेसर काढलेल्या पिशवीत धरलं नाही, तर झाड स्वतःच्या परागांनी फळतं. दोन्हीकडे धरलं तर परागाची गरजच नाही, मँगोस्टीनची वाट. फक्त उघड्या फुलांना धरलं तर पुंकेसर दिसायला चांगले, कामाला नाहीत. नाहीतर झाड स्वतःचा पराग नाकारतं. ते ठरवायला शेजारच्या मादी फुलावर, तेही पिशवीत ठेवून, त्याचा पराग लावून पाहायचा. या चारही प्रकारच्या फुलांना धरलेल्या फळांतल्या बिया वेगवेगळ्या खुणा करून रुजवायच्या, आणि झाडं फुलली की कुठल्या गटात किती नर निघाले ते मोजायचं. परागाशिवाय झालेल्या बियांत आईच्याच नकला असतील, नर निघणार नाहीत. स्वपरागित बियांत नर निघाले तर त्या झाडाच्या अंगात नराचं गुणसूत्र आहे, म्हणजे ते फळायला लागलेलं नर झाड. एकही नर निघाला नाही, तर पराग करायला लागलेली मादी.

मलमलीच्या पिशव्यांना खर्च फारसा नाही. रोपांना जागा लागेल, आणि फुलोऱ्यापर्यंत सात-आठ वर्षं.